दोन वर्षांचा पुरावा, चाळीस वर्षांचा आजार

मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो आणि पुढे जन्मभर सोबत राहतो. ज्याला तो पंचविसाव्या वर्षी जडला, त्याला त्याच्याबरोबर आणखी तीस-चाळीस वर्षे काढायची असतात. या आजारावरच्या औषधांच्या चाचण्या मात्र सामान्यतः दोन, फार तर तीन वर्षांत संपतात. रुग्णाला पडणारा प्रश्न असा असतो : ‘हे औषध घेतले तर वीस वर्षांनी मी स्वतःच्या पायांनी चालत असेन का?’ चाचणी उत्तर देते ते वेगळ्याच प्रश्नाचे : ‘येत्या दोन वर्षांत आजाराचे झटके किती कमी येतील?’ या दोन प्रश्नांमधली दरी भरून काढण्यासाठी गेल्या तीस वर्षांत बरेच दीर्घकालीन संशोधन झाले. त्याचे मोल किती, हे या लेखात तपासून पाहायचे आहे. विज्ञान शिकवणाऱ्यांना त्यात रस वाटावा असे पुष्कळ आहे. कारण येथील बऱ्याचशा अडचणी वैद्यकाच्या नसून मोजमाप आणि तुलना यांच्या आहेत.

प्रथम आजाराची थोडक्यात ओळख. मेंदू आणि मज्जारज्जू यांतील चेतातंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. विजेच्या तारेवर जसे रबरी वेष्टण, तसेच काहीसे हे आवरण. त्यामुळे संदेश वेगाने आणि विनाअडथळा जातात. या आजारात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा याच आवरणावर हल्ला करते. हल्ला कोठे होतो त्यानुसार कोणाची दृष्टी अंधुक होते, कोणाचा पाय लुळा पडतो, कोणाचा तोल जातो. सुमारे ८५ टक्के रुग्णांत सुरुवातीला ही लक्षणे काही दिवस किंवा आठवडे टिकतात आणि पुष्कळशी ओसरतात. यालाच आपण झटका म्हणू. पुढे अनेकांत झटके विरळ होतात, पण अपंगत्व हळूहळू वाढत जाते. पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ साली या आजाराचे व्यवस्थित वर्णन केले. आज जगात सुमारे २८ लाख लोकांना तो आहे आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण दुपटीहून अधिक आहे.

शार्को यांच्यानंतर सव्वाशे वर्षे या आजाराचा मार्ग बदलू शकणारे एकही औषध मान्यताप्राप्त नव्हते. १९९३ साली अमेरिकेत इंटरफेरॉन बीटा-१बी या औषधाला मान्यता मिळाली. त्याची चाचणी अमेरिका आणि कॅनडातील ११ केंद्रांत ३७२ रुग्णांवर झाली होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे तीन गट पाडले होते : एकाला बनावट औषध, दुसऱ्याला लहान मात्रा, तिसऱ्याला मोठी मात्रा. दोन वर्षांनंतर बनावट औषधाच्या गटात दर रुग्णामागे वर्षाला सरासरी १.२७ झटके आले, लहान मात्रेच्या गटात १.१७, तर मोठ्या मात्रेच्या गटात ०.८४. म्हणजे झटके सुमारे एक तृतीयांशाने घटले. अपंगत्वात मात्र खात्रीने सांगता येईल असा फरक दिसला नाही.

चिठ्ठ्या टाकून गट का पाडायचे, हे वर्गातल्या अनुभवावरून चटकन लक्षात येते. घटक चाचणीत ज्यांना सर्वांत कमी गुण मिळाले अशी दहा मुले निवडा आणि त्यांना काहीही जादा न शिकवता पुढची चाचणी घ्या. त्यांची सरासरी बहुधा वाढलेली दिसेल. कारण पहिल्या वेळी त्यांच्यापैकी काहींचा दिवसच वाईट होता. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या चाचणीत घेतले जातात तेही नुकतेच झटके येऊन गेलेले रुग्ण. त्यांचे झटके पुढच्या काळात औषधाविनाही काहीसे कमी होतात. म्हणून ‘औषधापूर्वी आणि औषधानंतर’ अशी तुलना येथे जवळजवळ निरुपयोगी ठरते. बरोबरीचा, औषध न घेणारा गट हवाच.

दीर्घकालीन संशोधनाची कोंडी येथेच होते. औषध उपयोगी दिसू लागल्यावर तुलनेच्या गटाला वीस वर्षे बनावट इंजेक्शने देणे अन्यायाचे ठरेल. तसे कोणी करत नाही आणि करूही नये. म्हणजे ज्या तुलनेमुळे पुरावा भक्कम होतो, तीच तुलना काही वर्षांनी सोडून द्यावी लागते. पुढचे सारे संशोधन म्हणजे या सुटलेल्या तुलनेची जागा दुसऱ्या कशाने तरी भरण्याची धडपड होय.

याचा एक मार्ग म्हणजे जुन्या चाचणीतील रुग्णांना अनेक वर्षांनी पुन्हा शोधून काढणे. वरील ३७२ रुग्णांचा शोध सोळा वर्षांनंतर घेतला गेला. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. ३२८ जणांचा ठावठिकाणा लागला. मूळ गटांनुसार पाहता अपंगत्वात काही फरक आढळला नाही. मृत्यूंत मात्र फरक होता : बनावट औषधाच्या गटातील १०९ पैकी २० जण दगावले होते, लहान मात्रेच्या १०८ पैकी ९, आणि मोठ्या मात्रेच्या १११ पैकी ६.

कोणीही सावध वाचक येथे विचारील, की न सापडलेल्या ४४ जणांचे काय? फरकच मुळी दहा-पंधरा मृत्यूंचा असेल, तर हे ४४ जण निष्कर्ष उलटा करू शकतात. संशोधकांनाही हे जाणवले असले पाहिजे, कारण त्यांनी एकवीस वर्षांनंतर पुन्हा शोध घेतला आणि ३७२ पैकी ३६६ जणांची माहिती मिळवली. या चिकाटीला दाद द्यायलाच हवी. २०१२ साली आलेला निष्कर्ष असा : एकूण ८१ मृत्यू, मोठ्या मात्रेच्या गटात मृत्यूचा धोका बनावट औषधाच्या गटाच्या मानाने सुमारे ४७ टक्के कमी.

हा आकडा औषधाच्या बाजूने वारंवार पुढे केला जातो. तो खोटा नाही. पण त्याच्या शेजारचे आकडेही वाचले पाहिजेत. पहिली गोष्ट, लहान मात्रेच्या गटातही मृत्यूचा धोका ४६ टक्क्यांनी कमी दिसला. झटक्यांवर जिचा परिणाम जेमतेम होता, ती मात्रा मृत्यू टाळण्यात मोठ्या मात्रेच्या तोडीची कशी ठरावी? दुसरी गोष्ट, ४७ टक्के हा अंदाजाचा मध्यबिंदू आहे. हिशेबातील अनिश्चितता धरली तर खरी घट १० टक्क्यांपासून ६९ टक्क्यांपर्यंत कोठेही असू शकते. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मूळ चाचणी संपल्यानंतर सर्वच रुग्ण हवे ते औषध घ्यायला मोकळे होते. म्हणजे एकवीस वर्षांपैकी गटांमध्ये ठरवून राखलेला फरक फक्त सुरुवातीच्या काही वर्षांचा. तेव्हा हा अभ्यास ‘औषध वीस वर्षे घ्यावे का?’ या प्रश्नाचे उत्तर देत नाही. फार तर ‘ते काही वर्षे आधी सुरू केल्याने पुढे फरक पडतो का?’ एवढेच सांगतो. आणि चौथी गोष्ट, हा शोध औषध विकणाऱ्या कंपनीच्या अर्थसाहाय्याने झाला. त्यामुळे निष्कर्ष आपोआप चुकीचा ठरत नाही. पण ज्याचा माल त्यानेच तराजू धरला, तर गिऱ्हाइकाने काट्याकडे दोनदा पाहावे, हे बरे.

दुसरा मार्ग रुग्णनोंदींचा. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांच्या नोंदी अनेक वर्षे नीट ठेवल्या गेल्या आहेत. २०१२ सालीच तेथील संशोधकांनी २६५६ रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली : इंटरफेरॉन घेणारे ८६८, त्याच काळात न घेणारे ८२९, आणि औषध उपलब्ध होण्यापूर्वीचे ९५९. चालताना काठी लागण्याची वेळ औषधामुळे लांबते काय, हा प्रश्न होता. तशी ती लांबल्याचे आढळले नाही.

एकाच वर्षी आलेले हे दोन निष्कर्ष. एक म्हणतो मृत्यू घटले, दुसरा म्हणतो काठी टळली नाही. कोणावर विश्वास ठेवायचा? घाईने बाजू घेण्याऐवजी नोंदींवर आधारलेल्या अभ्यासांत कोणते खड्डे असतात ते पाहू.

पहिला खड्डा निवडीचा. ज्यांचा आजार जोरात आहे, त्यांनाच डॉक्टर औषध देतात. मग औषध घेणारे आणि न घेणारे मुळातच निराळे असतात. शिकवणी लावलेल्या मुलांचे गुण कमी दिसले म्हणून शिकवणीने गुण घटतात असे आपण म्हणत नाही, तसेच हे.

दुसरा खड्डा काळाच्या हिशेबाचा. ‘वीस वर्षे औषध घेणारे जास्त जगले’ हे वाक्य ऐकायला भारी वाटते. पण वीस वर्षे औषध घेण्यासाठी माणूस वीस वर्षे जगावा लागतो! जे आधीच दगावले त्यांना या गटात शिरताच आले नाही. ही चूक अनेक नावाजलेल्या नियतकालिकांतील लेखांतही सापडते.

तिसरा खड्डा व्याख्येचा, आणि तो शिक्षकांना विशेष आवडेल. समजा, अ तुकडीत चौघांचे गुण ८०, ७५, ७०, ६० आहेत आणि ब तुकडीत तिघांचे ५०, ४५, ४०. सरासरी अनुक्रमे ७१.२५ आणि ४५. आता ६० गुणांचा मुलगा अ मधून ब मध्ये हलवा. अ ची सरासरी ७५ झाली, ब ची ४८.७५. दोन्ही तुकड्या ‘सुधारल्या’, आणि कोणाच्याही गुणांत एकाचीही भर पडलेली नाही! मल्टिपल स्क्लेरोसिसच्या निदानाचे निकष २००१ साली बदलले, आणि त्यानंतर २००५, २०१० व २०१७ साली पुन्हा सुधारले गेले. चुंबकीय प्रतिमांच्या साह्याने निदान लवकर होऊ लागले. पूर्वी जे ‘संशयित’ गटात राहिले असते, त्यांतील काही जण आता ‘रुग्ण’ गटात आले. संशयितांमध्ये ते जास्त आजारी होते, रुग्णांमध्ये ते सौम्य ठरले. परिणामी दोन्ही गटांचे भवितव्य कागदावर सुधारले. म्हणून आजच्या रुग्णांची तुलना १९८० च्या रुग्णांशी करून ‘औषधांनी हे साधले’ असे म्हणणे धोक्याचे आहे.

चौथा खड्डा मोजपट्टीचा. या आजारातील अपंगत्व मोजण्यासाठी अमेरिकेतील कुर्ट्झके यांची ० ते १० ही श्रेणी वापरली जाते. ती अर्ध्या-अर्ध्या अंकाने पुढे सरकते. ० म्हणजे तपासणीत काहीही दोष नाही, ६ म्हणजे शंभर मीटर चालायला काठी लागते, १० म्हणजे आजाराने मृत्यू. पण १ वरून २ वर जाणे रुग्णाला जाणवणारही नाही, आणि ६ वरून ७ वर जाणे म्हणजे काठीवरून चाकाच्या खुर्चीवर येणे. अंक सारखे, अंतर मुळीच सारखे नाही. परीक्षेतील प्रथम, द्वितीय आणि तृतीय श्रेणी यांची बेरीज करून ‘सरासरी श्रेणी १.८’ असे कोणी सांगितले, तर आपण हसू. येथे मात्र अशा सरासऱ्यांवर कोट्यवधींचे निर्णय होतात.

हे निर्णय कसे होतात, याचे सर्वांत बोधक उदाहरण ब्रिटनमधील आहे. २००२ साली तेथील औषध-मूल्यमापन संस्थेने इंटरफेरॉन आणि ग्लॅटिरामर ही औषधे किमतीच्या मानाने पुरेशी लाभदायक नाहीत असे ठरवले. रुग्णांनी निषेध केला. तेव्हा सरकारने उत्पादक कंपन्यांशी करार केला : औषधे सरकारी आरोग्यसेवेतून द्यायची, सुमारे पाच हजार रुग्णांची दहा वर्षे पाहणी करायची, आणि अपेक्षित लाभ न दिसल्यास किंमत कमी करायची. कल्पना उत्तम होती. तुलनेसाठी औषध न घेणारा गट नसल्याने कॅनडातील ऑन्टारिओमधील जुन्या रुग्णांच्या नोंदी प्रमाण मानल्या गेल्या.

२००९ साली पहिला अहवाल आला. औषध घेणाऱ्यांची स्थिती अपेक्षेपेक्षा वाईट होती. एवढेच नव्हे, तर औषध न घेणाऱ्या जुन्या रुग्णांहूनही वाईट दिसत होती. करारानुसार किंमत उतरायला हवी होती. पण सल्लागार समितीने निष्कर्ष काढण्याची वेळ अजून आली नाही असे म्हटले. पुढे दिसून आले, की ऑन्टारिओच्या नोंदींत रुग्णाची स्थिती सुधारल्याची शक्यताच धरलेली नव्हती, तर ब्रिटनमधील रुग्णांत चढउतार दोन्ही होत होते. म्हणून तुलनेसाठी ब्रिटिश कोलंबियाच्या नोंदी घेतल्या गेल्या. २०१५ सालच्या सहा वर्षांच्या अहवालात औषधांचा लाभ दिसला. २०१९ सालच्या दहा वर्षांच्या अहवालातही तो होता, पण काळानुसार ओसरत गेलेला.

मोजपट्टी सदोष असेल तर ती बदलणे योग्यच. आमचा आक्षेप वेगळा आहे. ती सदोष आहे हे निकाल नकोसा आल्यावर तपासले गेले. निकाल हवा तसा आला असता, तर तपासले गेले असते काय? तुलना कशाशी करायची, कोणते माप वापरायचे आणि कोणत्या निकालावर कोणता निर्णय घ्यायचा, हे सारे आधी तपासून, लिहून, जाहीर करायचे असते. अन्यथा पाच हजार रुग्णांची दहा वर्षांची माहितीही वादाचा विषय होऊन बसते. येथे तसेच झाले.

लाभाइतकाच अपायाचा प्रश्नही दीर्घकालीन आहे, आणि तेथे घाई अधिक महाग पडते. नॅटॅलिझुमॅब हे प्रभावी औषध अमेरिकेत नोव्हेंबर २००४ मध्ये मान्य झाले, तेही दोन वर्षांच्या चाचण्यांतील पहिल्या वर्षाच्या माहितीवर. फेब्रुवारी २००५ मध्ये ते बाजारातून काढून घ्यावे लागले. एरवी निरुपद्रवी राहणाऱ्या एका विषाणूमुळे काही रुग्णांच्या मेंदूला जीवघेणा संसर्ग झाला होता. कडक अटींवर ते २००६ साली परत आले. नंतर कळले, की औषध दोन वर्षांहून अधिक काळ घेतल्यास हा धोका बराच वाढतो. म्हणजे नेमका तो काळ, जो दोन वर्षांच्या चाचणीला कधीच दिसला नसता! डॅक्लिझुमॅब हे आणखी एक औषध २०१६ साली मान्य झाले आणि मेंदूदाहाच्या तक्रारींनंतर २०१८ साली जगभरातून मागे घेतले गेले.

मग दीर्घकालीन संशोधन करूच नये काय? आमचे म्हणणे उलट आहे. ते चाचणीच्या शेपटीला नंतर बांधलेले नसावे. सुरुवातीपासून आखलेले असावे. याची चांगली उदाहरणेही आहेत. डेन्मार्कने १९५६ पासून देशभरातील मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांची नोंदवही ठेवली आहे. कोणा एका औषधासाठी नव्हे, तर आजार समजावा म्हणून. स्वीडनमध्ये रिटुक्सिमॅब या जुन्या औषधाची मान्यताप्राप्त औषधाशी थेट तुलना सार्वजनिक पैशातून केली गेली आणि २०२२ साली ते झटके रोखण्यात सरस ठरल्याचे प्रसिद्ध झाले. या औषधाचे पेटंट संपलेले असल्याने मल्टिपल स्क्लेरोसिससाठी त्याची चाचणी करण्यात कोणा कंपनीला फारसा लाभ नव्हता. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा या आजारासाठी आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. याचा आपल्याशी थेट संबंध आहे, कारण रिटुक्सिमॅबची स्वस्त आवृत्ती भारतात तयार होते. हा आजार आपल्याकडे होत नाही, असे पूर्वी मानत; १९९० साली मुंबईच्या डॉ. नोशिर वाडिया यांनी पारशी समाजात तो बऱ्यापैकी आढळतो हे दाखवले. तरीही चाचण्यांतील बहुसंख्य रुग्ण युरोप आणि उत्तर अमेरिकेतील असतात.

सर्वांत बोलके उदाहरण औषधाचे नसून कारणाच्या शोधाचे आहे. अमेरिकेच्या सैन्यदलात जवानांच्या रक्ताचे नमुने ठरावीक काळाने घेऊन साठवले जात होते, ते वेगळ्याच कामासाठी. वीस वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्तींचे नमुने जमले. त्यांतून पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या ८०१ जणांचे आजारापूर्वीचे रक्त तपासले गेले. त्यांपैकी ८०० जणांना आजार सुरू होण्यापूर्वी एपस्टाइन-बार विषाणूची लागण झालेली होती. लागण झाल्यावर आजाराचा धोका ३२ पटींनी वाढतो, असा निष्कर्ष २०२२ साली आला. हा विषाणू जवळजवळ सर्वांनाच कधी ना कधी गाठतो, म्हणून तो एकटा पुरेसे कारण नाही. पण शतकभराच्या तर्कांनी जे साधले नाही, ते नीट लेबल लावून जपलेल्या बाटल्यांनी साधले.

इंटरफेरॉनबाबत आमचे मत थोडक्यात असे : ते झटके कमी करते हे सिद्ध आहे, लवकर सुरू केल्यास पुढे काही लाभ होत असावा हे संभवनीय आहे, ते अपंगत्व वीस वर्षे लांबवते हे दाखवलेले नाही. ‘सिद्ध’, ‘संभवनीय’ आणि ‘न दाखवलेले’ ही तीन लेबले वेगवेगळी ठेवणे रुग्णाच्या हिताचे आहे. आज डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घेणाऱ्याने यामुळे ते सोडू नये. पण दहा वर्षांनंतर काय, हे विचारण्याचा हक्क त्याला आहे.

आठवी-नववीच्या वर्गात अ आणि ब तुकडीचे वरील गणित जरूर घालून पाहावे. मुले आधी आकडेमोड चुकली असे म्हणतील, पुन्हा करून पाहतील, आणि मग ‘सर, पण सुधारले कोणीच नाही!’ असे कोणीतरी म्हणेल. त्या मुलाला किंवा मुलीला पुढे औषधाची जाहिरात वाचताना कोणता प्रश्न विचारायचा, हे वेगळे सांगावे लागणार नाही.